आमच्या बायकांचं ‘येतो’

आमच्या कोल्हापूरकडे बायका ‘मी येतो’ म्हणतात. ‘मी जेवलो’, ‘मी दमलो’, ‘मी बाजारात गेलो होतो’. बाकीच्या महाराष्ट्राला याची फार गंमत वाटते. लग्न ठरल्यावर पहिल्यांदा सासरी गेले, तेव्हा मी ‘चहा टाकून येतो’ म्हटलं आणि सगळी खोली हसली. सासर नाशिकचं, माणसं चांगली, हसण्यात वाईट काही नव्हतं. पण मला राग आला होता, आणि तो मी चहात घालायच्या आल्यावर काढला. नवरा त्यानंतर कितीतरी दिवस मला ‘काय पैलवान’ अशी हाक मारायचा.

लिहिताना मी ‘गेले’, ‘आले’ असंच लिहिते. शाळेत बाईंनी हाताला तसं वळण लावलं, हेही त्याच वळणानं लिहितेय. तोंडाला मात्र ते कधी लागलं नाही. कारण ‘मी बघतो’ हे शब्द मी पहिल्यांदा आईच्या तोंडून ऐकले. ताप आला की कपाळावर तिचा हात आणि ‘तू झोप. मी हाय न्हवं, मी बघतो’. वडील लवकर गेले. घरमालकाशी भांडणं, भावाचं कॉलेज, माझं लग्न, या सगळ्याच्या आधी तिचं ते ‘मी बघतो’ असायचं. व्याकरणात ते पुरुषाचं क्रियापद असेल. माझ्यासाठी ते आईचं आहे. अजूनही कुणी बाई ‘बघतो’ म्हणाली की मला धीर येतो.

नवरा रेल्वेत इंजिनिअर. त्याची लखनौला बदली झाली, तेव्हा मीही माझ्या खात्यात अर्ज-विनंत्या करून हजरतगंजच्या ऑफिसात बदली मागून घेतली. इंदिरा नगरमध्ये एका घराचा वरचा मजला भाड्यानं मिळाला. मुलगी तेव्हा नुकती बसायला लागली होती. खाली घरमालकीण राहायच्या, साठी ओलांडलेल्या, तोंडात कायम वेलची. मी ऑफिसला गेले की मुलगी त्यांच्यापाशी असायची. पहिल्याच दिवशी त्यांचं हिंदी ऐकून मी खूश झाले. ‘हम अभी नहा के आए हैं. हम तो कह रहे थे, बिटिया को हमारे पास छोड़ दीजिए.’ लखनौच्या कित्येक बायका स्वतःला ‘हम’ म्हणतात, आणि मग बोलणारी बाई आहे की पुरुष हे क्रियापद सांगत बसत नाही. त्यांचे यजमान ‘हम आए हैं’ म्हणायचे आणि त्याही ‘हम आए हैं’ म्हणायच्या. मला वाटलं, चला, परक्या मुलखात नाही आलो आपण.

आमची मुलगी वाढली ती अशी. वरच्या मजल्यावर ‘मी येतो’, खालच्या मजल्यावर ‘हम आएँगे’. शिवाय मराठीत लहान मूल तसंही ‘ते’ असतं. उठलं का बाळ, जेवलं का, रुसलं वाटतं. तीही आधी ‘बाळ पडलं’ म्हणायची, पुढे ‘मी पडलो’ म्हणायला लागली. आपण मुलगी आहोत हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. डाव्या गालावर तीळ आहे हे ठाऊक होतं, तसंच हेही. तिळावरून जसं काही ठरत नाही, तसं यावरूनही काही ठरत नसावं, अशी तिची समजूत होती.

शाळेत नाव घातलं तेव्हा युनिफॉर्म घ्यायला अमीनाबादला गेलो. तिचे बारीक कापलेले केस बघून दुकानदारानं विचारलं, ‘बाबा के लिए है कि बेबी के लिए?’ तिकडे दुकानात मुलगा तो ‘बाबा’ आणि मुलगी ती ‘बेबी’. मी म्हटलं, ‘बेबी.’ काउंटरवरची हाफ पँट मागे गेली आणि ट्यूनिक पुढे आला. मुलीचा डोळा हाफ पँटवर होता, कारण तिला दोन खिसे होते. ट्यूनिकला एकही नव्हता. रिक्षात बसल्यावर तिनं विचारलं, ‘मग मी खडे कुठं ठेवू?’ तिला रस्त्यातले खडे गोळा करायचा नाद होता. मी म्हटलं, दप्तरात. तिला ते पटलं, आणि मलाही त्यात काही विशेष वाटलं नाही.

सुरुवातीचं रडणं सरलं, शाळा अंगवळणी पडली असं वाटायला लागलं. मग एक दिवस संध्याकाळी मी घरी आले तर खालच्या आंटी जिन्यातच भेटल्या. ‘बिटिया ने कुछ खाया नहीं. टिफ़िन भी भरा का भरा है.’ मुलगी आमच्या दारापाशी बसली होती. काय झालं ते तिच्याकडून कळायला झोपायची वेळ झाली, तेही तुकड्यातुकड्यांनी.

वर्गात मॅडमनी विचारलं होतं, आज दूध पिऊन कोण कोण आलं. ही उत्साहानं उभी राहिली. मनातलं ‘मी पिऊन आलो’ तिनं सरळ हिंदीत केलं, ‘मैं पीकर आया.’ वर्ग हसला. मॅडमही हसल्या. ‘अच्छा, आया? तो तुम लड़का हो? जाओ फिर, लड़कों की लाइन में.’ डबा खायच्या आधी हात धुवायला मुलांची एक आणि मुलींची एक, अशा दोन रांगा लागतात. मॅडमचा विनोद होता. पण चार वर्षांच्या पोरीला मॅडमचा विनोद कुठून कळणार? ती खरोखर मुलांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. मुलांनी तिला ‘लड़की, लड़की’ करून ढकललं. ती मुलींच्या रांगेत गेली, तर तिथं कुणी जागा देईना. ‘तुम तो लड़का हो, मैम ने बोला.’ शेवटी ती दोन रांगांच्या मधे उभी राहिली. रांगा पुढे सरकल्या, नळ बंद झाला. हात धुतल्याशिवाय जेवायचं नाही हे मीच तिला शिकवलेलं. म्हणून तिनं डबा उघडलाच नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला उशिरा येते असं कळवून मी शाळेत गेले. मॅडम तरुण होत्या, थकलेल्या होत्या, आणि माणूस म्हणून काही वाईट नव्हत्या. ‘अरे मैम, मज़ाक था. बहुत होशियार बच्ची है आपकी. बस, बोलने में लड़का-लड़की नहीं करती. कभी ‘आया’, कभी ‘हम आए’. अभी से सही कर देंगे तो आगे दिक़्क़त नहीं होगी.’ मी त्यांना कोल्हापूर समजावून सांगायला लागले. बायका आमच्याकडे अशाच बोलतात, ही चूक नाही, पोरीनं ते आईकडून घेतलंय. त्या मान हलवत होत्या आणि दाराकडे बघत होत्या, पुढच्या तासाची घंटा व्हायची होती. मला संताप आला. संताप आला की माझं ऑफिसातलं हिंदी मला सोडून जातं. मी म्हटलं, ‘मैं कब से आपको वही तो समझा रहा हूँ!’

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. मग अगदी समजूतदारपणे हसल्या. ‘अच्छा. तो घर से है.’ जणू ताप कशामुळे आला ते डॉक्टरला सापडलं.

त्या दिवसापासून मुलगी बदलली. तिनं शिकून घेतलं, आणि पोरं शिकतात तसं पुरतं शिकून घेतलं. ‘मैं खा रही हूँ’, ‘मैं सो रही हूँ’, त्यातली ‘रही’ ती लांबवून म्हणायची, म्हणजे कुणाला शंका नको. खालच्या आंटींनी ‘हम आते हैं’ म्हटलं तर तिनं त्यांना थांबवलं. ‘आंटी, आती हूँ बोलिए. आप गर्ल हो.’ आंटी हसून लोटपोट झाल्या. भाजीवाल्यानं ‘लो बेटा, गाजर खाओ’ म्हटलं तर त्याला ‘बेटा नहीं, बेटी’ असं ऐकवून आली. नवऱ्याला हे सगळं लाघवी वाटत होतं. मला नव्हतं वाटत. कारण ती चुका दुरुस्त करत नव्हती. पुन्हा कुणी आपल्याला त्या दोन रांगांच्या मधे उभं करू नये, याचा बंदोबस्त करत होती.

मराठी तिनं जवळजवळ सोडलीच. समजायची सगळी, उत्तर हिंदीत. मराठीत तिला ‘मी’ म्हणायची धास्ती वाटायची, कारण ‘मी’च्या पुढे काय येईल याचा भरवसा नव्हता. मी ‘येतो गं’ म्हणून निघाले की ती दारातून ओरडायची, ‘आती हूँ!’ मी तिला जवळ घेऊन सांगून पाहिलं की घरातलं बोलणं वेगळं, शाळेतलं वेगळं, दोन्ही खरं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘फिर मैम क्यों हँसीं?’

कोल्हापूरहून आईचा रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल यायचा. नात तिचा जीव की प्राण. एका संध्याकाळी मुलीनं फोनमध्ये तोंड घालून विचारलं, ‘आजी, तू बॉय आहेस का?’

‘न्हाई गं बाई, मी तुझी आजी हाय. आत्ताच देवळातनं आलो.’

‘आले म्हण.’

आईला ती गंमत वाटली, तिनं मुद्दाम आणखी दोनदा ‘आलो’ म्हटलं. मुलगी फोन सोडून उठली आणि खाली निघून गेली. त्यानंतर फोन वाजला की ती दुसऱ्या खोलीत जायची. बोलावलं तर ‘होमवर्क कर रही हूँ’. काही दिवस आईनं कळ काढली, मग मला विचारलं, ‘पोरगी माझ्यावर रुसली काय?’ मी तिला दूध, रांग, न उघडलेला डबा, सगळं सांगितलं. डब्याचं तिनं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, ‘थंडीत मी येतो तिकडं. बघतो.’

नेहमीप्रमाणे मला धीर आला. पण भीतीही वाटत होती. आई सत्तरीला आलेली, गुडघे गेलेले, एवढा प्रवास ती पुन्हा कधी करेल न करेल. ती येईल आणि पोरगी तिच्याशी बोलणार नाही, आपली आजी चुकीची आहे असं समजून मोठी होईल, ही ती भीती. मला बाकी काही नको होतं. त्या दोघींनी एकमेकींशी बोलावं, एवढंच हवं होतं.

आई आली तेव्हा लखनौवर धुकं होतं, गाडी अर्धा दिवस उशिरा पोचली. मुलगी पाया पडली, आजीच्या हातचं भडंग मूठ मूठ खाल्लं, रात्री तिच्याच पांघरुणात शिरली. बोलली मात्र नाही. विचारलं की ‘हाँ’ नाहीतर ‘नहीं’. दुपारी ऊन पडलं की आई आणि खालच्या आंटी गच्चीवर मटार सोलत बसायच्या. आई म्हणायची, ‘मैं सुबह जल्दी उठा.’ आंटी म्हणायच्या, ‘हम तो देर से उठे.’ दोघींना सगळं समजायचं, एकीलाही दुसरीचं हसू यायचं नाही. मुलगी जिन्याच्या दारात उभी राहून ऐकायची. दोन मोठी माणसं एवढं चुकतात आणि त्यांना कुणी काही म्हणत नाही, हे तिला कळत नसावं.

त्याच सुमारास शाळेत आजी-आजोबांचा दिवस होता. मुलीला आजीला न्यायचंच होतं. आदल्या दिवशी आजीची शाल तिनंच निवडली. सकाळी निघताना मात्र आजीचा हात धरून हळूच म्हणाली, ‘आजी, स्कूल में कुछ बोलना मत, हाँ?’ आईनं माझ्याकडे बघितलं. मग ‘बरं’ म्हणाली.

वर्गात एकेका आजी-आजोबांना पुढे बोलावून मॅडम विचारत होत्या, कुठून आलात, लहानपणी काय खेळायचात. आमची पाळी आली. मी मागच्या बाकावर बसले होते. आई, जी रेल्वेच्या डब्यात अनोळखी माणसाच्या सुनेचं बाळंतपण कसं झालं ते विचारून घेते, ती आई पुढे जाऊन हात जोडून नुसती हसत उभी राहिली. मॅडमनी पुन्हा विचारलं. आई हसतच राहिली. ‘नानी जी को हिंदी नहीं आती, बेटा?’ मॅडमनी मुलीला विचारलं.

‘जी मैम,’ मुलगी म्हणाली. ‘नानी को बोलना नहीं आता.’

टाळ्या झाल्या. आई जागेवर येऊन बसली आणि शाल सारखी करत राहिली.

घरी आल्यावर मी पोरीवर हात उगारला. खरंच उगारला. आईनं तो वरच्या वर धरला. ‘खबरदार. तिचं काय चुकलं? दोन रांगांच्या मधी उभी राहून आलीय ती पोर. आता मलाबी तिथं उभं करू देत न्हाई, एवढंच.’ आणि मग, माझ्याकडे पाठ करून, ‘तुला वाटलं, तिला माझी लाज वाटली. तिला माझी काळजी वाटली गं.’ लाज वाटली असती त्यापेक्षा हे मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवसापासून गच्चीवर शाळा-शाळा सुरू झाली. मुलगी मॅडम, आजी विद्यार्थिनी. मुलीनं खडूनं दोन रेघा ओढल्या आणि घरातलं सामान त्यांवर उभं केलं. पेला, तांब्या, डबा एका रेघेवर. कढई, बाटली, उशी दुसऱ्या रेघेवर. आजीला मुलींच्या रेघेवर उभं केलं.

‘मी इथंच उभा ऱ्हातो,’ आजी म्हणाली.

‘उभी राहते.’

‘उभी... ऱ्हाते.’

मी कपडे वाळत घालत होते. आईच्या तोंडून ते ‘ऱ्हाते’ ऐकून मी चिमटे लावायचे विसरले. सत्तर वर्षांची जीभ ती. एकेका शब्दावर अडखळत होती, चुकली की स्वतःच्याच कपाळावर हात मारत होती. मुलगी खूश झाली की पेनानं तिच्या मनगटावर चांदणी काढायची. मग आजीनं कापडाची बाहुली उचलली. ‘आणि ह्ये बाळ? ह्ये तर ‘ते’ हाय की. ते कंच्या रांगेत?’

मुलगी विचारात पडली. बाहुली हातात घेऊन एकदा या रेघेकडे, एकदा त्या रेघेकडे बघत राहिली. मग तिनं बाहुली बाजूच्या कट्ट्यावर ठेवली आणि कितीतरी महिन्यांनी पहिलं पूर्ण मराठी वाक्य बोलली.

‘ते अजून शाळेत गेलं नाही.’

आजीनं मान डोलावली. मी ओला टॉवेल पिळून काढलेला असूनही पुन्हा पिळत राहिले.

त्यानंतर दोघी बोलायला लागल्या. दिवसभर बोलायच्या, मराठीत. मला हवं होतं तेच झालं होतं. आजी जपून बोलायची, क्रियापदाच्या आधी थांबायची, मुलीकडे बघायची आणि मग ‘गेले’, ‘आले’, ‘विसरले’ असं म्हणायची. मुलगी तिच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकायची, निर्धास्त. मी आईला एकदा म्हटलं, ‘आई, तू कशाला बदलतेस?’ ती म्हणाली, ‘माझं काय जातंय?’

चारबाग स्टेशनवर तिला गाडीत बसवायला गेलो. नवरा तिला घरापर्यंत सोडायला जाणार होता. आपल्यात निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, परत येण्याचं बोलायचं असतं. आई दर वेळी दारात उभी राहून, माझ्या डोक्यावर हात ठेवून ‘येतो गं’ म्हणते. माझ्या लग्नात मी मांडवातून निघाले तेव्हासुद्धा तिनं मलाच सांगितलं होतं, ‘रडू नगंस, मी येतो की चार दिसात.’ आता ती खिडकीत बसली होती, गजांमधून हात बाहेर काढून. मुलीनं तो हात धरला होता. गाडी हलली.

‘येते हं, बाळा,’ आई म्हणाली. एकदाही न अडखळता.

‘व्हेरी गुड, आजी!’ मुलगी ओरडली, आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहिली. मी तिच्या शेजारी उभी होते. मला नीट हात हलवता आला नाही.

कोल्हापूरला पोचल्यावर आईचा फोन आला. मी ऑफिसात होते.

‘पोचले गं मी.’

‘आई,’ मी म्हटलं, ‘पोरगी इथं नाही. ती शाळेत गेलीय. माझ्याशी तरी पोचलो म्हण की.’

‘न्हाई. आता हेच बोलायचं,’ ती म्हणाली. ‘रोज बोलले न्हाई तर सवय कशी लागंल? परत कधीतरी तिच्यापुढं चुकलो म्हंजे?’

चुकलो म्हणाली. तिच्या ते लक्षात आलं नाही, आणि मी येऊ दिलं नाही.